अॅव्हरो ते सी-२९५ : भारतातील लष्करी वाहतूक विमाननिर्मितीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लढाऊ विमानांच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. मात्र सैनिक, शिधा व औषधे दुर्गम ठाण्यांपर्यंत पोहोचविणारी वाहतूक विमाने अभ्यासकांकडून काहीशी उपेक्षित राहिली. या कामासाठी दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान विशेष उपयुक्त ठरते. त्यात टर्बाइनच्या शक्तीवर पंखा फिरतो. त्यामुळे कमी अंतरावर इंधनाची बचत होते व आखूड धावपट्टीही पुरते. अशा विमानांच्या निर्मितीतून देशाच्या पदरात काय पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कानपूरचा प्रयोग :
ब्रिटनमधील अॅव्हरो कंपनीच्या ७४८ या विमानाची परवान्याने निर्मिती करण्याचा निर्णय संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात झाला. कानपूर येथे एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांनी हे काम तडीस नेले. १ नोव्हेंबर १९६१ रोजी पहिल्या विमानाने उड्डाण केले. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव 'सुब्रोतो' ठेवण्यात आले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी एकूण ८९ विमाने बांधली. त्यांपैकी १७ इंडियन एअरलाइन्सला मिळाली.

तथापि, मूळ आराखडा प्रवासी विमानाचा होता. मालासाठी मोठा दरवाजा बसविलेली आवृत्ती तयार झाली, तरी शेपटीकडील उतरता दरवाजा त्यात नव्हता. उंच प्रदेशासाठी अखेर सोव्हिएत बनावटीचे एएन-३२ घ्यावे लागले. ते १९८४ मध्ये दाखल झाले. निर्मितीचा अनुभव होता, परंतु त्यातून नवे स्वदेशी वाहतूक विमान उभे राहिले नाही.

सी-२९५ आणि महाराष्ट्र :
अॅव्हरोची जागा घेण्यासाठी २४ सप्टेंबर २०२१ रोजी ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. त्यानुसार १६ विमाने स्पेनमधून तयार मिळावयाची व ४० टाटा समूहाने भारतात बांधावयाची होती. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे आणि मिहान प्रकल्पामुळे तेथे विमानदुरुस्तीचा उद्योगही रुजला आहे. साहजिकच हा कारखाना नागपुरास येईल, अशी अपेक्षा राज्यात व्यक्त होत होती. प्रत्यक्षात ३० ऑक्टोबर २०२२ रोजी त्याची पायाभरणी वडोदरा येथे झाली. त्यावरून महाराष्ट्रात मोठा राजकीय वाद झाला. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी कारखान्याचे उद्घाटन झाले.

निष्कर्ष :
कारखाना कोणत्या राज्यात गेला, या प्रश्नाचे महत्त्व नाकारता येत नाही. मुदखेड-नांदेडसारख्या भागातील तंत्रशिक्षित तरुणांच्या दृष्टीने तो रोजगाराचा प्रश्न आहे. परंतु अॅव्हरोचा इतिहास त्याहून मूलभूत प्रश्न उपस्थित करतो. परवान्यावर विमान जोडता येते. आराखड्याचे ज्ञान मात्र स्वतंत्रपणे कमवावे लागते. ८९ विमाने बांधूनही सहा दशकांनी पुन्हा परदेशी आराखडाच स्वीकारावा लागला. म्हणून सी-२९५ प्रकल्पाचे यश बांधलेल्या विमानांच्या संख्येवर मोजणे अपुरे ठरेल. त्यातून आराखडा करू शकणारे अभियंते व सुटे भाग घडविणारे लघुउद्योग किती उभे राहिले, हाच खरा निकष होय.