चिठ्ठीवर दूध, भाजी आणि मांस

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं माउंड बायू हे गाव गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८८७ मध्ये वसवलं. भोवती गोऱ्या मळेवाल्यांचं राज्य होतं; गावाचा कारभार मात्र कृष्णवर्णीयांच्याच हाती होता. १९४२ मध्ये त्यांच्याच एका बंधुसंघाने वर्गणीच्या बळावर इथे टॅबोरियन हॉस्पिटल उभारलं. त्याची गरज होतीच. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या इस्पितळांत कृष्णवर्णीय रुग्णांना वेगळ्या वॉर्डात ठेवत, नाहीतर दारातूनच परत पाठवत. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने तर अशा विभागलेल्या इस्पितळांनाही सरकारी पैसा दिला. न्यायालयाने ही सवलत रद्द केली ती १९६३ मध्ये.

त्या सुमारास कापूस वेचणारी यंत्रं आली आणि हजारो बटईदारांचं काम गेलं. हाताला काम नाही, घरात धान्य नाही, प्यायला गढूळ पाणी. पोरं जुलाबाने आणि उपासमारीने खंगत होती.

१९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांवर उपचार करायला डॉ. जॅक गायगर मिसिसिपीत आले. विद्यार्थी असताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याचं काम पाहिलं होतं. वर्णभेदी राजवटीतही हे दोघे झुलू वस्त्यांमध्ये रोगाबरोबर रोगाच्या कारणांवर इलाज करत होते. तोच धडा गायगर यांनी इथे गिरवला. टफ्ट्स विद्यापीठाचा आधार आणि दारिद्र्य निर्मूलनाचा केंद्रीय निधी मिळवून १९६७ मध्ये माउंड बायूत डेल्टा हेल्थ सेंटर सुरू झालं.

केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले. कुपोषित मुलांसाठी डॉक्टर चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देऊ लागले. किराणा दुकानदार माल देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर चढे. वॉशिंग्टनहून आलेल्या अधिकाऱ्याने हरकत घेतली: हा पैसा औषधांसाठी आहे. गायगर यांनी उत्तर दिलं की, पाठ्यपुस्तकात कुपोषणावरचा उपचार अन्न हाच दिला आहे.

तरी चिठ्ठीवरचं अन्न किती दिवस पुरणार? कृष्णवर्णीय समाजसंघटक जॉन हॅच यांनी गावोगाव बैठका घेतल्या. त्यांतून सहकारी शेती उभी राहिली. आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस वेचलेल्या शेकडो कुटुंबांनी स्वतःच्या ताटासाठी भाजीपाला पिकवला. केंद्रात स्थानिक लोकांनाच आरोग्यसेवेचं प्रशिक्षण देऊन नोकऱ्या दिल्या गेल्या आणि कारभारात गावकऱ्यांचा शब्द चालू लागला.

या प्रयोगाचं खरं धाडस इथेच होतं. काळ्यागोऱ्यांना एकाच वॉर्डात खाटा मिळणं हा न्यायाचा पहिला भाग. पैसा कशावर खर्च करायचा हे रुग्णांनी ठरवणं हा दुसरा, आणि तो अधिक अवघड. आज अमेरिकेत याच धर्तीची सुमारे १,४०० सामुदायिक आरोग्य केंद्रं तीन कोटींवर लोकांना सेवा देतात. केंद्रीय अनुदान घेणाऱ्या अशा केंद्राच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य तिथले रुग्णच असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे.