डीआर नावाची एक ओळ

आज ऐकता ऐकता एक करून बघा. फोनवर युनिप्रॉटची साइट उघडा आणि इंग्रजीत पी लिहून पुढे ०१३०८ टाका. माणसाचं इन्सुलिन समोर येईल, ११० अमिनो आम्लांची साखळी. आता खाली सरकत जा. त्याचा त्रिमितीय आकार, त्याचा जीन, त्याच्याशी जोडलेले आजार, सगळ्यांच्या लिंका दिसतील. त्यातल्या बऱ्याच तुम्हाला दुसऱ्याच कुठल्या डेटाबेसमध्ये घेऊन जातात.

आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण १९८० च्या सुमारास हे कुठेच नव्हतं.

त्याआधी काय होतं? १९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी प्रोटीनच्या क्रमांचा एक ॲटलास छापला. त्यात प्रोटीनं किती? ६५. चक्क पुस्तक! पुढे माहिती वाढली तशी ती विखुरली. डीएनएचे क्रम युरोपात हायडेलबर्गला आणि अमेरिकेत जेनबँकेत, आकार ब्रुकहेवनच्या पीडीबीत. प्रत्येकाची मांडणी वेगळी, क्रमांक वेगळे, एकाच जीनला नावं तीन-तीन. एका प्रश्नासाठी तीन ठिकाणी शोधायचं आणि उत्तरं आपणच वहीत जुळवायची.

जिनिव्हात आमोस बायरोख नावाचा विद्यार्थी तेव्हा हजाराहून जास्त प्रोटीनांचे क्रम हाताने टाइप करत बसला होता. (मला तर ओटीपी टाकतानाही चूक होते.) त्यातून १९८६ मध्ये स्विस-प्रॉट उभं राहिलं. त्यातल्या नोंदींमध्ये डीआर या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी असतात. 'हेच प्रोटीन त्या डेटाबेसमध्ये अमुक क्रमांकावर आहे', एवढंच त्या सांगतात. माझ्या मते खरी करामत तिथे आहे. या ओळी धरूनच एसआरएससारखी साधनं एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जाऊ लागली. 'ज्यांचा आकार माहीत आहे तेवढीच प्रोटीनं दाखव' असं संगणकाला विचारता येऊ लागलं. १९९३ मध्ये एक्सपेसी ही साइट आली आणि लिंकवर नुसतं क्लिक केलं की पुरे, असं झालं.

आणि १९९६ मध्ये पैसे संपले.

जूनअखेर सगळं बंद होणार होतं. मे महिन्यात बायरोखने इंटरनेटवर जाहीर आवाहन केलं. नीट बघा काय पणाला लागलं होतं. नुसता एक डेटाबेस गेला नसता, बाकीच्यांच्या लिंका ज्या पानांवर नेत होत्या ती पानंच गेली असती. नवा शोध लावणाऱ्याला अनुदान मिळतं. दुसऱ्यांच्या नोंदी वाचून, तपासून, जोडून ठेवणाऱ्याला कोण विचारतं? पण जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी पत्रांचा नुसता पाऊस पाडला. तात्पुरता पैसा मिळाला, १९९८ मध्ये स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स स्थापन झाली. काही वर्षं कंपन्यांना परवान्याचे पैसे मोजावे लागले, ते मला फारसं पटत नाही, पण तग धरायला दुसरा मार्गही दिसत नव्हता. २००२ मध्ये युनिप्रॉट आलं.

आता स्पार्कल भाषेत एकच प्रश्न लिहून एकावेळी अनेक डेटाबेसना विचारता येतो. इन्सुलिनचं ते पान उघडं असेल तर त्याचं टेक्स्ट रूप निवडा. डीआरच्या ओळी अजून आहेत, एकाखाली एक. किती आहेत ते मोजून कमेंटमध्ये सांगा.