फोनमधलं टायटॅनियम जेट इंजिनात कुठपर्यंत टिकतं?

आयफोन १५ प्रोची फ्रेम ग्रेड ५ टायटॅनियमची होती. म्हणजे साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम आणि बाकी टायटॅनियम. जेट इंजिनाच्या पुढच्या, थंड भागातही हाच मिश्रधातू वापरतात. मग मागच्या गरम भागात का नाही? तो तर १६०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही! मी सॉफ्टवेअरवाला, मलाही हाच प्रश्न पडला होता.

गोम वितळण्यात नाही, ऑक्सिजनमध्ये आहे. ग्रेड ५ साधारण ४०० अंशांपर्यंतच भरवशाचा. (गेम खेळताना फोन तापतो, ते या हिशोबात काहीच नाही.) त्यापुढे सततच्या ताणाखाली धातू हळूहळू लांबत जातो. आणखी तापला की ऑक्सिजन आत शिरून वरचा थर ठिसूळ करतो. दाबाखालच्या गरम हवेत तर टायटॅनियम वितळण्याआधीच पेट घेऊ शकतं. ब्रिटनच्या आयएमआय ८३४ या मिश्रधातूने ही मर्यादा ६०० अंशांपर्यंत नेली, पण पुढे गाडी अडली.

म्हणून टर्बाइनच्या पात्यांसाठी निकेलचे मिश्रधातू वापरायचे. ते उष्णता सोसतात, पण वजनाला जवळपास दुप्पट. पातं जड असलं की फिरताना ते धरून ठेवणारी चकतीही जाड लागते, म्हणजे वजनावर वजन.

यावर उपाय निघाला टायटॅनियम ॲल्युमिनाइडचा. जीई कंपनीच्या ४८-२-२ या प्रकारात दर शंभर अणूंमागे ४८ ॲल्युमिनियमचे, २ क्रोमियमचे, २ निओबियमचे असतात. इतकं ॲल्युमिनियम घातल्यावर दोन्ही धातूंचे अणू आलटून-पालटून थरांत बसतात आणि गरम झाले तरी सहजासहजी सरकत नाहीत. त्यामुळे पातं साधारण ७५० अंशांपर्यंत टिकतं.

पण साध्या तापमानाला हा पदार्थ ठिसूळ! एक-दोन टक्के ताणला की तुटतो. विमानाच्या इंजिनात असं काही बसवायला कोण धजावणार? १९९३ मध्ये जीईने सीएफ६ इंजिनात अशी पाती लावून चाचणी घेतली. प्रत्यक्ष उड्डाणात ती आली बोइंग ७८७ च्या जीईएनएक्स इंजिनासोबत, जवळपास दोन दशकांनी. तीही फक्त टर्बाइनच्या शेवटच्या दोन रांगांत, जिथे वायू बराच थंड झालेला असतो.

जीई९एक्स या नव्या इंजिनाची अशी पाती तर इटलीतल्या कामेरीत थ्रीडी प्रिंट होतात. इलेक्ट्रॉनच्या झोतात पावडर थराथराने वितळवतात, तीही गरम ठेवून, नाहीतर पातं बनतानाच तडकतं. टर्बाइनच्या पहिल्या रांगांत मात्र अजूनही निकेलच आहे.