मुठीचं म्हातारपण

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यात शिकलगार हे आडनाव अनोळखी नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांमध्ये ही जमात ‘सैकलगर’ म्हणून नोंदलेली दिसते. सैकल म्हणजे घासून उजळणं. शब्द अरबी-फारसीतला. सूफींनी तो मनाचा आरसा घासण्यासाठी वापरला, आपल्या शिकलगारांनी तलवारीचं पातं घासण्यासाठी. गंजलेलं शस्त्र उजळायचं, धार लावायची, सैल झालेली मूठ पुन्हा घट्ट बसवायची, हा त्यांचा पिढीजात हुनर. थोडक्यात, जुन्याला नवं करणं.

आज शस्त्रांच्या बाजारात नेमका उलटा हुनर चालतो. तिथे नव्याला जुनं केलं जातं.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला खेटून वारूळवाडी आहे. तिथल्या एका परिचितांच्या दिवाणखान्यात मी भिंतीवर टांगलेलं ‘पेशवाईतलं’ पिस्तूल पाहिलं. चकमकीचा घोडा, पितळी पट्ट्या, काळपट लाकडी मूठ, कडा झिजलेल्या. शोभेची वस्तू म्हणून छानच. पण मुठीतल्या स्क्रूच्या माथ्यावर अधिकच्या चिन्हाची खाच होती. असे स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात बाजारात आले. पेशवाई १८१८ सालीच संपली होती. घरधनी हसले, मीही हसलो. पण हा प्रश्न एका पिस्तुलावर थांबत नाही.

लाकूड म्हातारं कसं करतात? कृती अवघड नाही. शिसम किंवा सागाची नवी मूठ घ्यायची, कडा पॉलिश-कागदाने गोल करायच्या, किल्ल्यांचा जुडगा किंवा साखळी आपटून खड्डे पाडायचे. मग रंग. लोखंडाचा कीस सिरक्यात भिजवून ते पाणी लाकडाला लावलं, की लाकडातल्या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि लाकूड काळं पडतं. लाकडात तुरटपणा कमी असेल तर आधी चहाचा कडक काढा लावतात. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना हे रसायन नवं नाही. पश्चिमेकडच्या डोंगरातले आदिवासी जो हिरडा गोळा करून विकतात, त्यात हेच तुरट द्रव्य भरपूर असतं. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, हे आपल्या रंगाऱ्यांना आणि शाई करणाऱ्यांना कधीपासून ठाऊक होतं. शेवटी जवसाचं तेल, मेण, खाचांमध्ये बूटपॉलिश. दोन दिवसांत दोनशे वर्षं तयार.

खरं म्हातारपण मात्र असं सगळीकडे सारखं येत नाही. मूठ झिजते ती हात जिथे घासतो तिथे: तळव्याखाली, अंगठ्याच्या बेचक्यात. जिथे बोट पोचत नाही तिथलं नक्षीकाम तीक्ष्ण राहतं. घाम आणि तेल वर्षानुवर्षं मुरल्याने पकडीची जागा गुळगुळीत होते आणि मळ खोलगट भागात साचतो. लाकूड सुकताना रेषांना आडवं जास्त आकसतं, त्यामुळे धातूची पट्टी आणि लाकूड यांच्यात बारीक फट पडते. एखादी चीर बुजवलेली असते, एखादा खिळा नंतरचा असतो. बनावट मुठीत झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती हाताने झालेली नसते, कागदाने झालेली असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मूठ बदललेली आहे म्हणून शस्त्र खोटं ठरत नाही. दख्खनमध्ये मुठी सतत बदलल्या जात. ज्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हणतो, तिचं पातं अनेकदा युरोपातून आलेलं आणि मूठ इथे चढवलेली. पात्याचं शेपूट मुठीत लाख आणि राळ ओतून बसवत. ते सैल झालं की तापवून काढायचं आणि पुन्हा बसवायचं. बंदुकीचा दस्ता तडकला की सुतार नवा करी. पानिपतावर १७६१ साली पेशव्यांच्या बाजूने लढलेल्या इब्राहिमखान गारदीच्या पलटणी फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेल्या होत्या. अशा फौजेत बंदुका चालत्या ठेवायच्या तर दुरुस्ती करणारे हात सोबत लागतातच. दुरुस्ती हा शस्त्राच्या इतिहासाचाच भाग आहे. ती लपवलेली नसते.

हे हात कोणाचे होते? निजामशाहीची पहिली राजधानी आपलं जुन्नर. मलिक अहमदने १४९० साली इथूनच स्वतंत्र कारभार सुरू केला आणि पुढे अहमदनगर वसवलं. त्या अहमदनगरात १५४९ साली ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आज विजापुरात आहे. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: मुहंमद बिन हसन रूमी. एवढी मोठी तोफ, म्हणून नाव राहिलं. पण ज्याने हजार मुठी बसवल्या, दस्ते तासले, पाती उजळली, त्याचं नाव बहुधा कुठेच नाही. त्यात शिकलगार होते, लोहार होते, सुतार होते. मुसलमान होते, हिंदू होते. त्यांची सही म्हणजे त्या मुठीवरची बुजवलेली चीर, बदललेला खिळा, लाखेचा थर. म्हणून मला वाटतं, खोटी झीज हे नुसतं सजावटीचं काम नाही. ते एक बनावट कागदपत्र आहे. जो कारागीर कधी जन्मलाच नाही, त्याची सही त्यात केलेली असते आणि खऱ्या कारागिराची सही त्या गर्दीत हरवते.

या लोकांचा धंदा कसा बसला तेही सांगायला हवं. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हत्यारं काढून घेतली आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरलं. शस्त्रच नाही तर उजळायचं काय? शिकलगारांची सहाण घरातल्या सुऱ्या, विळ्या आणि कात्र्यांकडे वळली.

आणि आता त्याच शस्त्रांना सोन्याचा भाव आलाय. टिपू सुलतानच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार मे २०२३मध्ये लंडनच्या लिलावात १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. ही किंमत फक्त पोलादाची नव्हती. तलवार कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग उपलब्ध होता, त्याची होती. उलट २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेली वाघनखं पाहा. अफजलखान भेटीतली हीच, हा दावा ग्रँट डफच्या घराण्याकडच्या पेटीवर लिहिलेला आहे. तो पडताळता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयानेच सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला वाघनखांइतकाच मोलाचा वाटतो.

नव्याला जुनं करणं पापच आहे, असं मी म्हणत नाही. नारायणगाव तमाशाची पंढरी. वगातल्या राजाच्या कमरेला लाकडी तलवार असते, पण तिने कुणी फसत नाही. फसवणूक विकताना सुरू होते. पैगंबरसाहेबांची (स.) बाजारातली हदीस आपल्याला माहीत आहे: धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं, आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानायला नकार दिला. मुठीवरचं बूटपॉलिश याच हिशेबात बसतं. ‘नवीन, जुन्या घाटाची’ एवढी चिठ्ठी लावली की तीच वस्तू हलाल कमाईची.

ज्यांच्या घरी खरोखर आजोबा-पणजोबांची तलवार किंवा ठासणीची बंदूक आहे, त्यांना एक विनंती. तिला घासून चकचकीत करू नका, वॉर्निश मारू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, पुरे. बंदूक असेल तर परवान्याचा नियम विचारून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, तेही तपासा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतं ते तारखेनिशी कागदावर लिहून ठेवा: कुणाची, कुठून आली, मूठ कुणी बदलली. मूठ बदलणाऱ्याचं नाव आठवत असेल, तर ते सगळ्यात आधी लिहा.