ठरलेल्या किमतीचं ताट

१९ डॉलर ९२ सेंट. मंडळी, जेवणाची अशी विचित्र किंमत कुणी का ठेवेल? उत्तर सोपं आहे. साल १९९२ होतं, म्हणून! त्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. (बिल क्लिंटन यांची उमेदवारी जाहीर झाली ते हेच.) देशभरातून प्रतिनिधी आणि पत्रकार यायचे होते. शहराच्या आतिथ्याची चुणूक त्यांना दाखवावी म्हणून जो बॉम आणि टिम झगाट या दोघांनी एक कल्पना काढली. एरवी सामान्य माणूस बाहेरूनच बघून पुढे जाईल अशा नामांकित रेस्टॉरंटांनी दुपारचं जेवण एका ठरावीक किमतीत द्यायचं. बॉम म्हणजे फोर सीझन्स आणि पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरचं विंडोज ऑन द वर्ल्ड उभारणारे गृहस्थ, आणि झगाट म्हणजे खवय्यांची मतं गोळा करून मार्गदर्शिका छापणारे. एकदाच करायची गोष्ट होती ती. पण लोकांना इतकी आवडली की तिचा रिवाज झाला, आणि 'रेस्टॉरंट वीक' हे नाव जगभरच्या शहरांनी उचललं.

लेकीने यंदा आम्हाला अशाच एका आठवड्यात इटालियन जेवायला नेलं. त्याबद्दल लिहितेच, पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला आधी मागे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे माझ्या नातेवाइकांना ठाऊक आहेच.

ठरावीक किमतीचं जेवण हे काही १९९२चं नवल नव्हे. फ्रेंच भाषेत 'ताब्ल दोत' असा जुना शब्द आहे. अर्थ, यजमानाचं मेज. खानावळीत ठरलेल्या वेळी जायचं, सगळ्यांबरोबर एका मेजावर बसायचं, पुढे येईल ते खायचं आणि ठरलेले पैसे द्यायचे. वेगळं टेबल, हातात यादी, प्रत्येक पदार्थापुढे त्याची किंमत, हा थाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या रेस्टॉरंटांनी आणला. न्यूयॉर्कला तो थाट दाखवला डेलमोनिको बंधूंनी. १८२७ साली त्यांनी छोटं मिठाईचं दुकान थाटलं आणि काही वर्षांतच मोठं रेस्टॉरंट काढलं. गंमत म्हणजे हे बंधू स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या तिचिनो भागातले, पण रांधत फ्रेंच. इटालियन जेवणाला तेव्हा प्रतिष्ठा कुठे होती!

ती नसण्याचं कारण पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आणखी ठळक झालं. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. बहुतेक दक्षिणेकडची, म्हणजे नेपल्स, कॅलाब्रिया आणि सिसिलीची. शेतमजूर, गवंडी, हमाल. त्यांचं खाणं अमेरिकन समाजसेवकांना पसंत नव्हतं. मांस आणि भाज्या एकत्र शिजवतात म्हणजे पचायला जड, पालेभाज्या खातात त्यात सत्त्व काय, आणि परदेशी चीज नि ऑलिव्हच्या तेलावर इतका खर्च कशाला, अशी त्यांची शिकवणी चाले. (जीवनसत्त्व ही कल्पनाच १९१२च्या सुमारास नावारूपाला आली, तेव्हा पालेभाजीची कदर कोण करणार?)

आलेल्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. ते कुणा गाववाल्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत आणि त्या घरची बाई त्यांचं जेवण करी. न्यूयॉर्कमधल्या पुष्कळ इटालियन खानावळींचं मूळ अशा स्वयंपाकघरांत आहे.

हे वाचताना मला लालबागची आमची मावशी डोळ्यांसमोर आली नसती तरच नवल. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवत. महिन्याचे पैसे ठरलेले, पगार झाला की द्यायचे. बांगडा महागला म्हणून मध्येच दर वाढवता येत नसे. कालवण पातळ व्हायचं, आणि मावशीच्या स्वतःच्या ताटातला तुकडा नाहीसा व्हायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मावशीने जेवणारी माणसं उठवली नाहीत. "आज ना उद्या गिरणी सुरू होईल, तवर काय उपाशी ठेवू?" म्हणायची. वहीतली येणी वहीतच राहिली.

ताटाची किंमत ठरलेली असते, पण त्यामागच्या जिनसांची नसते. मधला फरक कुणीतरी सोसत असतं. तो कोण सोसतं, हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीनिच व्हिलेज भागात इटालियन 'ताब्ल दोत' खानावळींची चांगलीच चलती होती. पन्नास सेंटच्या आसपास पैसे देऊन आधी अँटिपास्टो, मग मिनेस्त्रोनेचं सूप, स्पगेटी, मासळी, मांस, सॅलड, चीज, फळं, कॉफी... आणि वर लाल वाइनही त्यातच! मारिया सेर्मोलिनो या बाईंनी १९५२ साली आपल्या वडिलांच्या अशाच खानावळीवर पुस्तक लिहिलं. गोन्फारोनेज तिचं नाव. चित्रकार, लेखक, कारकून अशी खिसा हलका नि जीभ चोखंदळ असलेली मंडळी या खानावळींत जमत. समाजसेवक ज्या जेवणाला नावं ठेवत होते, तेच ही मंडळी पैसे मोजून खाऊ लागली.

एवढं स्वस्त कसं परवडे? सगळ्यांना जवळपास एकच जेवण, म्हणून खरेदी घाऊक आणि वाया जाणं कमी. शिवाय घरची बायकापोरं राबत, त्यांची मजुरी कुणी हिशेबात धरत नसे. हे शेवटचं कारण कुठल्याच किंमतपत्रकावर दिसत नाही.

मग १९२० साली दारूबंदी आली. किमतीतच मिळणारा वाइनचा प्याला कायद्याने गेला. पण घरी फळांचा रस आंबवून वर्षाला २०० गॅलनपर्यंत ठेवायची मुभा कुटुंबाला होती, तेव्हा कॅलिफोर्नियाची द्राक्षं आगगाडीने न्यूयॉर्कला येऊ लागली आणि पुष्कळ इटालियन घरांच्या तळघरात पिंपं भरली. ओळखीच्या गिऱ्हाइकाला कॉफीच्या कपातून वाइन मिळे. वाइनसाठी आलेले अमेरिकन स्पगेटीची चटक लावून घेऊन घरी जात. १९३३ साली बंदी उठली तोवर इटालियन जेवण त्यांना परकं राहिलं नव्हतं.

तर आता आमचं जेवण. अलीकडे या आठवड्यात ३०, ४५ आणि ६० डॉलर असे तीन टप्पे असतात. आमचं ४५चं होतं, तीन पदार्थांचं. पहिला मी रिबोल्लिता घेतला. टस्कनीतल्या गरीब घरातला हा पदार्थ. शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे आणि काळपट पालेभाजी. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. आपल्या फोडणीच्या पोळीचा चुलतभाऊ म्हणा ना! गरम, दाटसर, वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. फार आवडलं. मग चीज आणि मिरपूड एवढ्यावरच तोललेला पास्ता, आणि शेवटी तिरामिसू. (तेही पुरातन वगैरे नाही हं. १९७०च्या आसपास ट्रेव्हिसो गावात नावारूपाला आलं असं साधारण मानतात, म्हणजे माझ्यापेक्षा लहान.) आमच्या ह्यांना एकेक पदार्थ येण्याची वाट बघणं जड गेलं. "सगळं एकदम वाढलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं दोनदा म्हणाले, पण बशी पावाने पुसून खाल्ली.

बिल मी मागून घेतलं. ४५ वर शहराचा ८.८७५ टक्के कर, वर २० टक्के टिप. म्हणजे माणशी ५८च्या घरात, वाइन निराळी. हा आठवडा हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात ठेवतात, टेबलं रिकामी राहतात तेव्हा. म्हणजे फरक थोडा मालक सोसतो, थोडा वाइनवर निघतो, आणि वाढणाऱ्याची मजुरी पुष्कळशी आपल्या टिपेवर सोडलेली असते. जानेवारी २०२१मध्ये कोविडमुळे लोक आत बसून जेवू शकत नव्हते, तेव्हा घरी न्यायच्या जेवणाला २० डॉलर २१ सेंट अशी किंमत ठेवली होती. पुन्हा सालाचीच! त्या हिवाळ्यात फरक कुणीकुणी सोसला असेल, देव जाणे.

आमच्या टेबलाजवळ स्वयंपाकघराचं दार होतं. ते उघडलं की आतून स्पॅनिश ऐकू येई. न्यूयॉर्कच्या कितीतरी इटालियन स्वयंपाकघरांत आज मेक्सिकोच्या पुएब्ला भागातून आलेली माणसं रांधतात. वाढणाऱ्या मुलाला मी लेकीकरवी विचारलं, आतली माणसं काय जेवतात, कधी जेवतात? तो हसला. म्हणाला, "चार वाजता, दार उघडायच्या आधी, सगळे एकत्र. आज भात, घेवडा आणि कोंबडीचा रस्सा होता."

"आणि त्याचे पैसे?" मी विचारलं.

"नाही, ते फुकट," तो म्हणाला, आणि पलीकडच्या टेबलाकडे गेला.