दहा इंचांची मिनी : रिमच्या मापाचा चाळीस वर्षांचा इतिहास

१/
स्पोर्टी मोटारीला चाक किती मोठे असावे, हा प्रश्न आज बहुधा दिसण्याच्या अंगाने विचारला जातो. ज्या मोटारीच्या इतिहासात त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट वाचता येते, ती मात्र अवघ्या १० इंची चाकांवर धावत होती : ब्रिटनची मिनी. #थ्रेड

२/
१९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्यावर छोट्या मोटारीचे काम सोपवले. लांबी सुमारे १० फूट, आणि तेवढ्यात चार माणसे व त्यांचे सामान. मोठी चाके घेतली, तर त्यांच्या कमानी बैठकीची जागा खाणार. म्हणून १० इंची रिम ठरली आणि डनलॉपने तिच्यासाठी खास टायर तयार केले. १९५९ मध्ये मिनी बाजारात आली.

३/
म्हणजे हे माप वेगासाठी नव्हे, प्रवाशांसाठी निवडलेले होते. परंतु चारही कोपऱ्यांत ढकललेली चाके आणि बुटका बांधा यांमुळे गाडी वळणावर विलक्षण स्थिर राहत असे. शर्यतीच्या मोटारी बनवणारे जॉन कूपर यांनी हा गुण हेरला. १९६१ मध्ये मिनी कूपर अवतरली.

४/
खरी अडचण येथे उभी राहिली. इंजिनाची ताकद वाढली, पण ब्रेक वाढवायला जागाच नव्हती. डिस्क ब्रेकची तबकडी रिमच्या पोटात बसते. रिम लहान, तर तबकडीही लहान. पहिल्या कूपरची ७ इंची तबकडी तोकडी पडली. १९६३ च्या कूपर एसमध्ये ती ७.५ इंचांची आणि अधिक जाड करण्यात आली.

५/
हिशेब साधा आहे. १० इंच म्हणजे २५४ मिमी, ७.५ इंच म्हणजे सुमारे १९० मिमी. उरले ६४, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२ मिमी. तेवढ्यात तबकडीला कवेत घेणारा कॅलिपर बसवायचा, आणि त्यातूनही रिमचा खोलगट भाग वजा जातो. याहून मोठ्या ब्रेकला तेथे वाव नव्हता.

६/
याच चाकांवर मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली : १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन, १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही मिनी पुढच्या दिव्यांच्या नियमावरून बाद ठरल्या. कंपनीच्या रॅली-गाड्यांना पुढे मॅग्नेशियमची मिनिलाइट चाके बसू लागली. चाकाचा भार सस्पेन्शनच्या खाली असतो. चाक जितके हलके, तितके ते उंचवट्यावरून उसळून लवकर जमिनीला टेकते.

७/
१९८४ मध्ये मिनीच्या सर्व मोटारींना १२ इंची चाके आणि ८.४ इंची पुढच्या तबकड्या मिळाल्या. टायर १४५/७० आर १२. पुढे कूपरला १६५/६० आर १२ आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्पोर्ट्स पॅक’मध्ये १७५/५० आर १३.

८/
हे आकडे असे वाचावेत : १४५ ही टायरची मिमीमधील रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के टायरच्या बाजूची उंची, १२ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून पूर्ण चाकाचा व्यास काढला, तर तिन्ही मापांत अनुक्रमे सुमारे ५०८, ५०३ आणि ५०५ मिमी येतो. रिम वाढली, टायर रुंदावला. बाहेरचे वर्तुळ मात्र जवळपास तेच राहिले.

९/
हा योगायोग नव्हे. बाहेरचा व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि गिअरचे गुणोत्तर बिघडते. म्हणून रिम वाढवताना टायरची बाजू उतरवावी लागते. रुंदीचा प्रश्न वेगळा. चाक बसवण्याची पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. ते कमी केले की चाक बाहेर सरकते, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. १२ इंची मिनीला कमानींवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडाव्या लागल्या. ६ इंच रुंदीच्या १३ इंची चाकांना त्याहून मोठ्या.

१०/
किंमतही मोजावी लागली. १७५/५० टायरची बाजू जेमतेम ८७ मिमी. धक्के शोषणारे रबर कमी झाले, स्टिअरिंग जड झाले. आजही अनेक मिनीप्रेमी १० इंची चाकांकडे परततात. पण ८.४ इंची तबकडी त्यांत मावत नाही, त्यांना ७.५ इंची ब्रेकही परत बसवावे लागतात. हलके वळण हवे, तर मोठा ब्रेक सोडावा लागतो.

११/
मोठ्या रिमला इतिहासात एक ठोस कारण होते : तिच्या पोटातला ब्रेक. ब्रेक तोच ठेवून केवळ रिम वाढवली, तर पदरी पडते ते वाढलेले वजन आणि आखडलेला टायर. म्हणून चाक निवडताना आधी आत काय बसवायचे आहे ते पाहावे, मग बाहेरचा व्यास जुळवावा, मग ऑफसेट. रूप शेवटी. मॉन्टे कार्लोच्या बर्फातून पहिली आलेली चाके १० इंचांचीच होती.