पुरातत्त्वीय प्राणिशास्त्र

पुरातत्त्वीय प्राणिशास्त्र ही पुरातत्त्वीय स्थळांवर सापडणाऱ्या प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास करणारी पुरातत्त्वविद्येची शाखा आहे. हाडे, दात, शिंगे, शिंपले व माशांचे काटे यांवरून प्राचीन लोकांचा आहार, पशुपालन, शिकार, पर्यावरण व अंत्यविधी यांविषयी अनुमाने काढली जातात. महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन प्रामुख्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये झाले. पी. के. थॉमस व प्रमोद जोगळेकर हे या क्षेत्रातील प्रमुख अभ्यासक होत.

अभ्यासपद्धती

उत्खननात मिळालेली हाडे थरानुसार वेगळी ठेवली जातात. लहान हाडे निसटू नयेत म्हणून माती चाळली जाते. पुढे आधुनिक प्राण्यांच्या सांगाड्यांशी तुलना करून प्रत्येक हाडाचा प्राणी व अवयव ठरवतात. शेळी व मेंढी यांची हाडे फार सारखी असल्याने त्यांची नोंद बहुधा एकत्र होते. दातांची झीज आणि हाडांची टोके जुळण्याची अवस्था यांवरून मृत्युसमयीचे वय समजते. बहुतेक जनावरे कोवळ्या वयात मारलेली असतील, तर ती मांसासाठी पाळली असण्याची शक्यता वाढते. प्रौढ जनावरांचे प्रमाण अधिक असल्यास दूध किंवा शेतीकामाचा विचार केला जातो.

इनामगाव

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी आणि हरणांचे अवशेष मिळाले. सुमारे इ. स. पू. 1000 नंतरच्या उत्तर जोर्वे काळात शेती घटली, शेळ्या-मेंढ्या व शिकारीवरील अवलंबन वाढले आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकर यांनी या बदलाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

विदर्भ

नागपूरजवळील माहूरझरी येथे शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 दरम्यान उत्खनन केले. तेथील महापाषाणीय शिळावर्तुळांत मानवी अवशेषांसोबत घोड्यांचे अवशेष, लोखंडी लगाम आणि तांब्याचे अश्वालंकार मिळाले. घोड्यांच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा आढळल्या. त्यामुळे मृतासोबत घोड्याचा बळी दिला जात असावा, असे मानले जाते.

मर्यादा

हाडांची संख्या म्हणजे कळपातील जनावरांची संख्या नव्हे. एकाच जनावराची अनेक हाडे सापडू शकतात. म्हणून किमान प्राणिसंख्याही काढली जाते. आम्लयुक्त माती, कुत्र्यांनी कुरतडणे व उन्हापावसाचा मारा यांमुळे पुष्कळ हाडे नष्ट होतात. त्यातही लहान व नाजूक हाडे आधी नाहीशी होतात. थराची नोंद न करता उचललेल्या हाडावरून प्राणी ओळखता येतो, पण त्याचा काळ व संदर्भ कायमचा हरवतो.